पारूबाईच्या मिरचीचं बी

परळी वैजनाथ,
२९ एप्रिल २०२५

राजश्री,

जयभीम. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे, ती आज मोडते. फोन तू दोनदा मधेच कापलास म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचंच असेल तर निदान पूर्ण वाचून फाड.

तू पाठवलेलं बी मरतंय. टमाटे उगवले, बोटभर झाले आणि आता एकेक करून माना टाकताहेत. मिरची उगवतानाच रडत उगवली. तिच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, जळाल्यासारख्या. ही रोपं घरात आहेत गं, उन्हात नाहीत. शेळी नाही, कोंबडी नाही, गरम वारं नाही. गॅलरीच्या दाराशी माझी शिलाई मशीन होती ती मी स्वयंपाकघरात ढकलली आणि तिथं ट्रे मांडले. तुझे दाजी महिनाभर त्या मशीनला वळसा घालून जेवायला बसतात. हे सगळं मी कुणासाठी केलं?

विसरली असशील तर आठवण देते. गेल्या साली तुमच्या मिरचीवर बोकड्या रोग पडला, पानं आकसून गेली, झाड न् झाड उपटून जाळावं लागलं. यंदा विहीर तळाला गेली आणि घरात टँकरचं पाणी. तेव्हा तूच म्हणालीस, “ताई, तुमच्याकडं नळ हाय, घरात सावली हाय. यंदा रोपं तुमी करा, जूनमधी आमी लावतो.” मी हो म्हणाले. आईनं जन्मभर सांभाळलेलं बी, आणि ते पहिल्यांदाच माझ्या घरात आलं. मला किती आनंद झाला होता हे आता सांगून उपयोग नाही.

आता सरळ विचारते. तू मला आईच्या गाडग्यातलं खरं बी दिलंस का? की तळाचं पोचट, किडकं माझ्या पदरात टाकलंस आणि चांगलं स्वतःकडं ठेवलंस? शेजारच्या बाई म्हणतात, सगळीच रोपं अशी मरत नसतात, बीच जुनं असणार. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. खोटं बोलणारं पोर दारातून आत येतानाच मला कळतं. बी देताना तू माझ्याकडं बघत नव्हतीस.

आईला यातलं काही सांगू नकोस. आपली मिरची संपली असं तिच्या कानावर गेलं तर ती अन्न सोडेल.

— सत्यशीला


घाटनांदूर,
४ मे २०२५

ती. ताईंना राजश्रीचा सप्रेम जयभीम.

मी पद्धत मोडत न्हाई. सप्रेम लिहिते आणि मग भांडते.

तुमचं पत्र आधी तुमच्या भावानं हातात घेतलं. चार ओळी वाचल्या आणि “बैलांना पाणी दाखवून येतो” म्हणून उठला. आमचे बैल विकून दोन वर्षं झाली. तुमचा बाळू तुमाला ठाऊकच हाय. बहीण आणि बायको यांच्यात आवाज चढला की त्याला नसलेली जनावरंसुद्धा तहानलेली दिसतात.

फोन मी कापला. का कापला तेबी ऐका. तुमी प्रश्न विचारता आणि उत्तरही तुमीच देता. मधे माझं “अहो पण ताई” तेवढं बसतं. मी तुमच्या वर्गातलं पोर न्हाई.

आता बियाचं. मी गाडगं पालथं करून दिलं. बुडावर थापट्या मारून दिलं. तुमच्या आई, माझ्या आत्याबाई, मिरचीचं आणि टमाट्याचं बी राखेत कालवून ठेवतात, ती राखसुद्धा फडक्यात बांधून दिली, कारण राखेतही दोन-चार दाणे राहतात. माझ्याकडं एक दाणा ठेवला न्हाई. तुमच्याकडं बघत नव्हते हे खरं हाय. लग्न होऊन आले तेव्हापासून ते गाडगं मी सांभाळलंय. उंदरापासून, ओलीपासून, तुमच्या भावापासून, जो एकदा त्यात खिळे ठेवायला निघाला होता. ते रिकामं गाडगं घेऊन तुमच्यासमोर रडायचं नव्हतं मला. म्हणून खाली बघत होते. आणि तुमी त्याला खोटेपणा म्हणता.

पोचट बी पाण्यावर तरंगतं, हे त्या शेजारच्या बाईंना सांगा. तुमी भिजवलं तेव्हा तरंगलं का? खरं सांगा.

मला तर वाटतं तुमी पाणी घालून घालून मारलीत रोपं. नळ हाय ना घरात! दिसला ट्रे की ओत तांब्या. आमी इथं हंड्यातलं पाणी वाटीनं मोजतो, तुमी गॅलरीत पूर आणला असणार.

तुमाला काय, तुमचा पगार चालू राहतो. घाटनांदूरच्या बाजारात मला कुणी राजश्री म्हणत न्हाई, ‘पारूबाईच्या मिरचीवाली’ म्हणतात. बाया माझी पाटी खाली टेकायची वाट बघतात. यंदा मी पाकिटातलं बी लावलं तर माझ्या पाटीत आणि शेजारणीच्या पाटीत फरक काय राहिला? मग मी कोण?

रोपांना काय काय करता ते सगळं लिहा. लपवू नका. १२ तारखेला बुद्धपौर्णिमा हाय, खिरीला या. समोरासमोर भांडू.

आत्याबाईंना काही सांगितलेलं न्हाई.

तुमची,
राजश्री


परळी वैजनाथ,
९ मे २०२५

राजश्री,

जयभीम.

बी तरंगलं नाही. सगळं तळाला बसलं. एवढं तुझं खरं.

पण पूर आणला म्हणतेस? तू वाटीनं मोजतेस ना, मी चमच्यानं घालते. आई करायची ते जेवढं लांबून बघितलं तेवढं सगळं मी तसंच्या तसं केलं. बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलं. माती चाळली, शेणखत चाळलं. सकाळी रोपांवर चिमटीनं राख भुरभुरते, आई करायची तशीच, किडा लागू नये म्हणून. तू दिलेली राख आठवड्यात संपली. पण परळीत राखेला काय तोटा? गल्लीच्या तोंडाशी विटांचा कारखाना आहे, तिथं राखेचे ढीग पडलेले असतात, डबा भरून आणला. मऊ, पिठासारखी. आईच्या राखेत तरी गोवऱ्यांची ढेकळं निघायची. मी तर तिच्यापेक्षा जास्तच टाकते, हात राखून नाही. तरी रोपं मरतात! वरची माती कडक होते, पाणी आत जिरत नाही, वरच तळं होऊन राहतं. मी काडीनं टोकरून पाणी आत घालते. अजून काय करू? अंगाई म्हणू त्यांना?

आणि ‘मग मी कोण’ असं मला विचारतेस? तो प्रश्न मी विचारायला हवा.

मी तिच्या पोटची. मला तिनं कधी वाफ्यात पाऊल टाकू दिलं नाही. शाळेतून आले की हात धू, लांब बस, पुस्तक काढ. मी लांब बसून बघायची, ती वाकून काय करते ते मला कधी नीट दिसलंच नाही, पाठच दिसायची. तू लग्न होऊन आलीस आणि आठवड्याच्या आत तुझ्या हातात खुरपं होतं. गाडगं तुला दाखवलं. कुठल्या झाडाची कुठली मिरची बियाला ठेवायची ते तुला सांगितलं. आज मी बावन्न वर्षांची आहे आणि आईच्या मिरचीबद्दल मला शेजारच्या बाईला विचारावं लागतं. ती बाई मूळची कुठली, तिनं आयुष्यात मिरची फक्त फोडणीत टाकली आहे. तुला काय कळणार हा राग!

पौर्णिमेला येणार नाही. ही आजारी रोपं कुणाच्या भरवशावर टाकू? आईला सांग, शाळेचं काम निघालं.

— सत्यशीला


घाटनांदूर,
१३ मे २०२५

ती. ताईंना राजश्रीचा जयभीम.

आज माझाही सप्रेम राहू द्या.

काल आत्याबाईंनी तुमच्यासाठी खीर वाटीत झाकून ठेवली. “येईल संध्याकाळच्या पॅसेंजरनं” म्हणून ताटली उचलू दिली न्हाई. मी तुमचं शाळेचं काम सांगितलं. त्या म्हणाल्या, “सुट्टीत कुटली शाळा बाई?” तुमचं खोटं तुमी परळीत बसून सांगता आणि इथं उभं मला राहावं लागतं.

तुमाला खुरप्याचा हेवा वाटतो. वाचून मी चुलीसमोर बसून हसले आणि मग लई राग आला. ताई, मी नववी पास होऊन या घरात आले. वर्गात पहिल्या पाचात होते. बीजगणित आवडायचं मला, तुमाला पटणार न्हाई पण खरंच आवडायचं. आल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, इथल्या शाळेत दहावीला बसू का? त्या म्हणाल्या, “घरात एक शिकली, बास. रानात कोण?” माझ्या हातात जे खुरपं दिसतं ना तुमाला, ते त्या उत्तराचं खुरपं हाय. कुणी आरती ओवाळून दिलेलं न्हाई. या घराची शिकवायची हौस तुमच्यावर सरली आणि उरलेलं रान माझ्या वाट्याला आलं. तुमी पुस्तकाला रडता, मी खुरप्याला रडते, आणि दोघींना वाटतं दुसरीचं बरं चाललंय.

ते जाऊ द्या. मी त्या बियाला जीव लावला, कारण दुसरं काही मिळणार नव्हतं. आणि आता तेही तुमी मारताय.

रोपं का मरतात ते तुमच्या पत्रावरून मला कळलं न्हाई. तुमी लिहिलेलं सगळं आमी इथं करतो तेच हाय. मला वाटतं नळाच्या पाण्यात औषध मारतात, त्यानं होत असेल. पाणी रात्रभर उघडं ठेवून बघा. याहून मला सुचत न्हाई. सुचत न्हाई म्हणून जास्त राग येतोय.

आणखी एक वाईट बातमी. तुमचं पत्र तुमचा भाऊ ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत होता. त्याला वाटलं आई झोपली. ती झोपली नव्हती. मी पाण्याला गेले होते, येऊन बघते तर आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. अन्न सोडलेलं न्हाई, दोन भाकरी खाल्ल्या. पण शिव्यासुद्धा देत न्हाईत, म्हणजे समजा.

तुमची,
राजश्री


घाटनांदूर,
१५ मे २०२५

ताई, हे पत्र आत्याबाई सांगतात आणि मी लिहिते. “येक शबूद बदलू नको” अशी ताकीद हाय, आणि लिहून झाल्यावर त्या बाळूकडून वाचून घेणार आहेत. म्हणून जसं सांगतात तसंच लिहिते.

सत्यशीला,

कुटली राख?

बाळ्यानं तुजं पत्र वाचलं तवा मी तितंच आडले. बाकी तुमचं रडगानं मी ऐकलंच न्हाई नीट. राख कुटली म्हनली तू? इटंच्या कारखान्याची? थर्मलच्या कोळशाची? आगं, जिच्या इटा व्हत्यात ती राख रोपाला घालतीस? रोपाला घर बांदायचं व्हतं का तुज्या? पानी पडलं की ती घट धरती, मूळ आवळून मारती. माती कडक झाली, पानी जिरंना, आसं तूच लिव्हलं आन् तुलाच कळंना व्हय? आन् ही दुसरी, सतरा साल माज्या हाताखाली ऱ्हायली, तिलाबी ते वाचून कळंना. (हे माझ्याबद्दल हाय.) दोगी रागानं आंदळ्या झाल्या. राख तुमच्या डोळ्यात गेली, रोपाच्या न्हाई.

राख म्हंजी गोवरीची. मी सांगितलं न्हाई, कारन आमच्या घरात राख येकच. दुसरी आसती हे मला काय ठावं? परळीत आसती.

आता मुकाट्यानं कर. वरचा पापुद्रा चमच्यानं काड. जी जित्ती हायेत ती मुळासकट उचल, पान्यात मुळं हालकं धू, नव्या मातीत लाव. बाळ्या उद्या माती आन् गोवरीची राख घिऊन येतुया. त्याला च्या पाजू नको, बसंल.

आता दुसरं. ते निट ऐक.

तुला मी मातीत हात घालू दिला न्हाई. ते मी ठरवून केलं. माजी माय दुसऱ्याच्या रानात खुरपत मेली. मरतानीबी तिच्या हाताची बोटं मिटत नव्हती, खुरपं धरल्यावानी ऱ्हायली. मी म्हनलं, माज्या पोरीच्या हाताला माती लागली की लोक म्हनत्याल, चल हिलाबी रोजानं ने. म्हून शाई लावली तुज्या हाताला. मला त्येचा पस्तावा न्हाई. पुन्ना पोरगी झाली तर पुन्ना तेच करीन.

पन नौकरी लागल्यावर? शाई पक्की बसल्यावर? तवा तुला कुनी आडवलं व्हतं? दिवाळीला यायचीस, साडी संबाळून बाजंवर बसायचीस. येकदा तरी म्हनलीस का, आई, दाव मला? राजश्रीला मी बी दिलं न्हाई. तिनं घेतलं. माज्या मागं मागं फिरून, माज्या शिव्या खाऊन घेतलं.

आन् हिनं शाळा मागितली व्हती. मी न्हाई म्हनले. (आत्याबाई, हे नको. — म्हणतात, लिही.) रानात दुसरं कुनी नव्हतं, म्हून न्हाई म्हनले. तिचा राग माज्यावर हाय. मला ठाव हाय, भाकरी थापताना आवाज येतो त्येचा. तुजाबी राग माज्यावरच हाय. मंग तुमी येकमेकीला कशापायी चावता? मी मेली व्हय? जित्ती हाय मी. माजा राग माज्या तोंडावर काडा. मागनं पत्रं लिहू नका.

रोपं चार जगली तरी हिकडं आना. न्हानीच्या पान्यावर चार झाडं जगत्यात. बी धरायला चार झाडं बास व्हत्यात.

पारूबाई

(ताई, लिहून झाल्यावर त्यांनी स्वतः नाव काढलं. तुमीच शिकवलं होतं त्यांना, म्हणाल्या. मी मात्र खरंच आंधळी झाले होते. राख हा शब्द मी दोनदा वाचला आणि पुढं गेले. — रा.)


परळी वैजनाथ,
२८ मे २०२५

आई आणि राजश्री,

दोघींना जयभीम. पत्र एकच लिहिते, दोघींनी मिळून वाचा. बाळूला वाचायला देऊ नका, तो गावभर ऐकवेल.

आधी रोपांचं. टमाटे गेले. एकही वाचला नाही. पापुद्रा काढला तेव्हा खाली मुळं काळी पडलेली होती. आई, तुझा तो चपटा, फाका पडलेला आंबट टमाटा आता कुठंच नाही. गावात नाही, गाडग्यात नाही. मी मारला. शेजारच्या बाईंनी नाही, नळानं नाही, राजश्रीनं तर नाहीच. ट्रे रिकामा करताना मी मोठ्यानं रडले आणि तुझे जावई पहिल्यांदाच त्या मशीनबद्दल काही बोलले नाहीत.

मिरची थोडी आहे. तू सांगितलंस तसं केलं. हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच रोपं धरली आहेत, पण शेंड्याला नवं पान आलंय आणि त्याची कड हिरवी आहे. मी सकाळी उठून आधी तेच बघते.

राजश्री, तुला मी खोटारडी ठरवलं. ते चुकलं. बाकी जे जे म्हणाले त्यावर अजून भांडू. दहावीला बाहेरून बसता येतं, तुझ्याहून मोठ्या बाया बसतात, दरवर्षी मी त्यांचे अर्ज भरून देते. या घरात शिक्षिका असून सतरा वर्षांत तू मला एकदा विचारलं नाहीस. बीजगणित आवडतं म्हणे! मला राग येणार नाही तर काय होणार?

आता आई. तू म्हणतेस माझा राग माझ्या तोंडावर काढ, तर घे.

मी मागितलं नाही म्हणतेस. मागितलं होतं. डी.एड.च्या पहिल्या वर्षाची सुट्टी होती. तू मिरचीचा वाफा करत होतीस. मी येऊन तुझ्याशेजारी मातीत बसले आणि म्हणाले, आई, एक ओळ मी लावते. तू खुरप्याचा दांडा माझ्या मनगटावर मारलास. जोरात. म्हणालीस, “ऊठ, याच्यासाठी जन्म दिला का तुला?” तू विसरलीस. मारणाऱ्याला कुठं आठवतं? मनगट आठवडाभर सुजलं होतं, उजवं, लिहायचं. त्यानंतर मी बाजेवर बसायला शिकले. साडी सांभाळत होते असं तुला वाटलं. मी हात सांभाळत होते.

तुझ्या मायची बोटं मिटत नव्हती हे तू मला आज सांगितलंस. तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी मार खाऊनही उठले नसते, किंवा तू न मारताच उठले असते. काय केलं असतं मला माहीत नाही. पण तू सांगितलं नाहीस. राखेसारखंच. तुला ठाऊक होतं, म्हणून सगळ्यांना ठाऊक असणार असं तुला वाटलं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येते. रोपं मांडीवर घेऊन येते, बाळूच्या हातात देणार नाही. न्हाणीच्या मागची माती कुणी खणून ठेवायची नाही. ओळ कुणी आखायची नाही. राजश्री, तुझं खुरपं धुऊन ठेव, मी वापरणार आहे. सगळी रोपं मी लावणार, एकही दुसऱ्या कुणी लावायचं नाही, आणि लावताना मला कुणी ऊठ म्हणायचं नाही.

खड्डा किती खोल घ्यायचा ते मला येत नाही. ते तेवढं दोघींनी सांगा. ओरडून सांगितलंत तरी चालेल.

— सत्यशीला